बंद पेटीतला फेम्टोसेकंद लेझर: रेणूंना चालतो, क्लस्टरना पुरत नाही

माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘३५ फेम्टोसेकंद’ असं छापलेलं असतं. ही लेझरच्या एका पल्सची, म्हणजे प्रकाशाच्या एका झटक्याची, लांबी. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग. आकडा खरा आहे, आम्ही मोजून पाहिलाय. पण तो पेटीच्या तोंडाशी खरा. माझा रेणू तिथून दोन-तीन मीटर लांब, आरशांच्या रांगेपलीकडे, स्फटिकांपलीकडे, एका खिडकीच्या आत, निर्वात चेंबरच्या मधोमध असतो आणि ३५ फेम्टोसेकंदांच्या पल्सशी त्याची कधी गाठच पडत नाही. यंत्र घ्यावं का असं विचारणारे मात्र त्या आकड्यावरच बोट ठेवून विचारतात. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी वस्तू काय आहे ते. टायटेनियम-सफायर ॲम्प्लिफायर, म्हणजे पल्सची ऊर्जा वाढवणारं यंत्र: ८०० नॅनोमीटर, सेकंदाला १,००० पल्स, प्रत्येकीत ५ मिलिजूल. मूळ पल्स तयार करणारा ऑसिलेटर, त्याला आणि ॲम्प्लिफायरला ऊर्जा पुरवणारे दोन्ही पंप लेझर, पल्स ताणणारा स्ट्रेचर, ती पुन्हा आवळणारा कॉम्प्रेसर, सगळं एकाच बंद पेटीत. बाहेर फक्त वीजपुरवठ्याचं कपाट, पाण्याचा चिलर आणि एक संगणक. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. असं यंत्र बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि मी जे लिहिणार आहे ते थोड्याफार फरकाने त्या सगळ्यांनाच लागू आहे.

आणि आमचं काम काय ते. वायुरूप रेणू किंवा छोटे क्लस्टर, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या रेणूंचे किंवा अणूंचे गुच्छ, एका पल्सने उत्तेजित करायचे, थोड्या वेळाने दुसऱ्या पल्सने त्यांतून इलेक्ट्रॉन काढायचा, आणि तो किती वेगाने, कुठल्या दिशेला उडाला ते कॅमेऱ्यात टिपायचं. पहिली पल्स पंप, दुसरी प्रोब. दोन्हींमधलं अंतर बदलत गेलं की उत्तेजित रेणू कुठल्या वाटेने खाली उतरला ते टप्प्याटप्प्याने कळत जातं. घाईत असलेल्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल: रेणूंसाठी हे यंत्र खुशाल घ्या. क्लस्टरमधले इलेक्ट्रॉन आणि आयन जोडीने पकडायचे असतील तर घेऊ नका.

३५ फेम्टोसेकंद लागतात तरी कुणाला? सोडियम आयोडाइडचं उदाहरण घ्या, अहमद झेवैल यांच्या गटाने १९८०च्या दशकाच्या शेवटी केलेलं. त्यांना पुढे १९९९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्या कामातलं हे गाजलेलं उदाहरण. उत्तेजित रेणूतले दोन अणू झोक्यासारखे एकमेकांपासून लांब जातात आणि परत येतात. एका फेरीला साधारण सव्वा पिकोसेकंद, म्हणजे १,२५० फेम्टोसेकंद. हे टिपायला १०० फेम्टोसेकंदांची पल्ससुद्धा चैनच म्हणायची. ॲडेनीन, म्हणजे डीएनएमधला एक बेस, २६७ नॅनोमीटरने उत्तेजित केला तर पिकोसेकंदाच्या आसपास थंड होतो. तिथेही १०० चालतील. उलट पायराझीनमध्ये वरची उत्तेजित अवस्था खालच्या अवस्थेत सुमारे २० फेम्टोसेकंदांत उतरते, आणि तिथे हे यंत्र जसंच्या तसं अपुरंच. गॅस भरलेल्या पोकळ फायबरमधून पल्स आणखी आखूड करून घ्यावी लागते. म्हणजे आमच्याकडचे कित्येक रेणू एक तर ३५ची गरज नसलेले, नाहीतर ३५मध्ये न भागणारे. मधले नाहीत असं नाही, पण त्यांच्याकडे बघून कुणी यंत्र निवडत नाही.

शिवाय पल्स आखूड केली की तिचा रंग पसरतो, यातून सुटका नाही. १०० फेम्टोसेकंदांच्या पल्सला ८०० नॅनोमीटरभोवती साधारण ९ नॅनोमीटरचा पट्टा पुरतो. ३५ला २७ लागतात, म्हणजे ऊर्जेच्या एककात ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. रेणूची एखादी ठराविक कंपन-पातळी वेचून उत्तेजित करायची असेल तर ३५ हा गुण नसून अडचण आहे. आम्ही तर काही प्रयोगांत फिल्टर लावून पल्स मुद्दाम लांबवतो. विक्रेत्याला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आता ती पल्स रेणूपर्यंत पोचते कशी ते. ३५ची पल्स १० मिलिमीटर फ्यूज्ड सिलिकामधून गेली की बाहेर ४५ची येते. ८०० नॅनोमीटरला याचं फारसं दुःख नाही: कॉम्प्रेसरमधली ग्रेटिंग, म्हणजे रंग वेगळे करणारी बारीक रेषांची पट्टी, थोडी सरकवली की भरपाई होते, आणि ती सरकवायची सोय संगणकावर दिलेली आहे, अगदी झकास चालते. पण ८००चा प्रकाश आम्ही स्फटिकांत पंपसाठी २६७ नॅनोमीटरचा अतिनील आणि प्रोबसाठी ४००चा करून घेतो, आणि खरा घोळ त्या अतिनीलमध्ये आहे. २६७ नॅनोमीटरला तीच काच पल्स पाचपटीहून जास्त पसरवते. ४० फेम्टोसेकंदांची अतिनील पल्स नुसत्या ३ मिलिमीटर जाडीच्या खिडकीतून आत शिरली की ५८ची होते. आणि पेटीतला कॉम्प्रेसर ते भरून काढू शकत नाही, कारण ८००लाच उलटं पसरवून पाठवावं तर स्फटिकात २६७ तयार होतानाच जोर कमी पडतो. उपाय जुनेच आहेत. खिडकी १ मिलिमीटरची आणि कॅल्शियम फ्लोराइडची, भिंगाच्या जागी अंतर्गोल आरसा, स्फटिक जितके पातळ परवडतील तितके पातळ. पण यातलं काहीच पेटीबरोबर येत नाही, आणि विक्रीच्या गप्पांत याचा उल्लेखही होत नाही. यंत्राच्या बजेटमध्ये हे सामान पहिल्या दिवसापासून धरा.

आमच्या चेंबरमध्ये प्रत्यक्ष काय मिळतं ते झेनॉनवर मोजलं. २६७चे दोन फोटॉन, प्रत्येकी ४.६५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि ४००चा एक, ३.१, मिळून १२.४ होतात. झेनॉनचा इलेक्ट्रॉन सुटायला १२.१३ लागतात. उरलेली थोडीशी ऊर्जा घेऊन जे सावकाश इलेक्ट्रॉन निघतात ते दोन्ही पल्स एकाच वेळी हजर असल्या तरच दिसतात. त्यांची संख्या दोन पल्समधल्या अंतराबरोबर कशी वाढते-घटते ते काढलं, तर रुंदी ८० ते ९० फेम्टोसेकंदांच्या दरम्यान आली. पंपचे दोन फोटॉन लागतात म्हणून ही रुंदी खरीपेक्षा किंचित कमीच दिसते, तोही हिशेब ठेवावा लागतो. तर पत्रकावरचे ३५ रेणूपाशी पोचेपर्यंत हे असे होतात. मला यात तक्रार काहीच नाही. ८०मध्ये आमचं नव्वद टक्के काम होतं.

मग पैसे कशाचे द्यायचे? माझ्या मते यंत्राच्या शांतपणाचे.

कंपनी म्हणते की पल्सगणिक ऊर्जेतला चढउतार अर्ध्या टक्क्याच्या आत राहील. राहतो. पण अर्धा टक्का हा ८०० नॅनोमीटरचा आहे, आणि आपण वापरतो ती त्याची पिल्लं. २६७ हा तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळच्या तिप्पट वारंवारतेचा प्रकाश, त्याची ऊर्जा मूळ तीव्रतेच्या घनाने बदलते: अर्ध्याचे दीड टक्के. प्रोब ४००चा, तो वर्गाने बदलतो, आणि रेणूला त्याचे दोन फोटॉन लागत असतील तर पुन्हा वर्ग, म्हणजे चौथा घात. सगळं एकाच मूळ पल्समधून निघालेलं असल्यामुळे हे चढउतार एकमेकांना खोडत नाहीत, एकत्रच वर जातात आणि एकत्रच खाली येतात. घनाला चौथ्या घाताने गुणा: सातवा घात. अर्ध्या टक्क्याचे साडेतीन टक्के झाले. स्फटिकातलं रूपांतर मर्यादेजवळ नेलं तर हे जरा सौम्य होतं, पण अंदाज हाच. आणि आम्ही जे शोधतो ते कित्येकदा मोठ्या सिग्नलवरचं दोन-चार टक्क्यांचं हेलकावणं असतं. ज्या लेझरचा चढउतार दीड टक्का आहे त्याच्यावर हा प्रयोग करू म्हटलं तर दहा टक्क्यांच्या गोंधळात दोन टक्के शोधत बसायचं.

याआधी मी उघड्या टेबलावरच्या ॲम्प्लिफायरवर काम केलंय. तिथे सकाळ आरशांचे स्क्रू फिरवण्यात जायची, दुपारी चांगली पल्स मिळायची, आणि संध्याकाळी खोलीत माणसं वाढली की ती पुन्हा हलायची. त्या यंत्राबद्दल माझ्या मनात राग नाही, सगळं शिकले तिथेच. पण नव्या पेटीवर रात्रभराचं मोजमाप लावून घरी जाता येतं आणि सकाळी सिग्नल जागेवर असतो, ही गोष्ट पहिल्यांदा अनुभवल्यावर मी दोन आठवडे रोज सकाळी अविश्वासाने आलेख तपासत होते. आत दोन आरसे पिएझोवर, म्हणजे वीज दिली की किंचित हलणाऱ्या तुकड्यांवर, बसवलेले आहेत, ते बीमची दिशा सतत सुधारत राहतात. पंप लेझर, ॲम्प्लिफायर सगळं एका धातूच्या ठोकळ्यावर, ठोकळ्याचं तापमान पाण्याने बांधलेलं. यात जादू काही नाही, नीट केलेलं साधं काम आहे, आणि तेच दुर्मीळ असतं.

बीमची दिशा स्थिर असण्याचा आम्हाला मिळालेला फायदा पत्रकात कुठेच लिहिलेला नाही. २६७च्या फोटॉनमध्ये ४.६५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात आणि स्टेनलेस स्टीलमधून इलेक्ट्रॉन उडवायला साधारण साडेचार पुरतात. म्हणजे चेंबरच्या आत कुठेही अतिनील प्रकाशाचा कवडसा धातूवर पडला की तिथून इलेक्ट्रॉन सुटतात आणि थेट डिटेक्टरवर येऊन बसतात. ४०० नॅनोमीटरला हा त्रास नाही, त्याच्या ३.१मध्ये स्टील दाद देत नाही. जुन्या यंत्रावर बीम केसभर सरकला की एखाद्या इलेक्ट्रोडच्या कडेला घासायचा, आणि चित्राच्या मध्यात एक धुरकट डाग उगवायचा, जो रेणूचा नसून लोखंडाचा असायचा. नव्या पेटीवर तो डाग आहेच, पण तो रात्रभर एकसारखा राहतो. एकसारखा असेल तर वजा करता येतो. फक्त पंपचं चित्र, फक्त प्रोबचं चित्र, दोन्ही मिळून चित्र, असं चॉपरने, म्हणजे बीम लयीत अडवणाऱ्या फिरत्या चकतीने, आळीपाळीने घेत राहायचं आणि वजाबाकी करायची.

पण शांतपणा पेटीच्या तोंडाशी संपतो हे लक्षात ठेवा. पंप आणि प्रोबच्या वाटा पेटीबाहेर फुटतात, चेंबरपाशी पुन्हा भेटतात, आणि त्या दरम्यान जे होतं त्याला कंपनी जबाबदार नाही. पोलाद एका अंशाने तापलं की मीटरमागे १२ मायक्रॉन वाढतं. प्रकाशाला १२ मायक्रॉन जायला ४० फेम्टोसेकंद लागतात. दोन्ही वाटा सारख्याच वाढल्या तर बिघडत नाही, फरक पडला की टी-झिरो, म्हणजे दोन्ही पल्स एकत्र येण्याचा क्षण, सरकतो. ३५ फेम्टोसेकंदांचा लेझर घेऊन खोलीचं तापमान दोन अंशांनी हिंदकळू देणाऱ्या प्रयोगशाळा मी पाहिल्यात. आधी वातानुकूलन नीट करा, टेबलाला झाकणं करा, दोन्ही वाटा सारख्या लांबीच्या आणि शक्य तिथे शेजारून काढा. आणि मोजताना एकच लांबलचक फेरी मारू नका. छोट्या छोट्या फेऱ्या, एकदा पुढे एकदा मागे, शेकड्यांनी, मग बेरीज. टी-झिरो रात्रीत हळूहळू सरकला असेल तर फेरीगणिक पकडता येतो.

जोडीला घेतलेली डिले स्टेज, म्हणजे आरसे सरकवून एका पल्सला उशीर लावणारी सरकपट्टी, त्याच कंपनीकडून आली. १ मायक्रॉन सरकली की प्रकाश जाऊन-येऊन २ मायक्रॉन जास्त चालतो, म्हणजे ६.६७ फेम्टोसेकंद. तेवढं ती बिनबोभाट करते. १५ सेंटीमीटर प्रवासात एक नॅनोसेकंद मिळतो. हिच्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही, आणि स्टेजसाठी याहून मोठी स्तुती नसावी.

पाच मिलिजूल. हा दुसरा आकडा, ज्यावर लोक भाळतात. ३५ फेम्टोसेकंदांत ५ मिलिजूल म्हणजे त्या क्षणापुरती १४ हजार कोटी वॅट शक्ती, आणि सरासरी मात्र फक्त ५ वॅट. डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ साली पल्स आधी ताणून, मग मोठी करून, मग पुन्हा आवळायची युक्ती काढली नसती तर एवढ्या शक्तीने ॲम्प्लिफायरचा स्फटिकच फुटला असता. २०१८च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्याच युक्तीसाठी होता, आणि पेटीतली निम्मी जागा आजही तीच युक्ती अडवून बसली आहे. पण आपल्याला लागतं किती? २६७ची १ मायक्रोजूलची पल्स, ६० फेम्टोसेकंदांची, १०० मायक्रॉनच्या ठिपक्यावर रोखली तरी तिथे दर चौरस सेंटीमीटरला २० हजार कोटी वॅट पडतात. यापुढे गेलं की रेणू एकाऐवजी दोन-दोन, तीन-तीन फोटॉन गिळायला लागतो आणि आपण कुठली अवस्था पाहतोय तेच कळेनासं होतं. पंप आणि प्रोब दोन्ही धरून मिलिजूलचा लहानसा तुकडा पुरतो. बाकीची ऊर्जा आम्ही कित्येक महिने बीम डंपमध्ये, म्हणजे नको असलेला प्रकाश गिळणाऱ्या ठोकळ्यात, ओतत होतो.

तरीही जास्त ऊर्जेचं यंत्र घेतलं ते बरंच झालं असं मी म्हणेन, आणि त्यामागचं कारण या सगळ्या क्षेत्राला चिकटलेलं दुखणं आहे. उत्तेजित रेणू खालच्या अवस्थेत घसरतो तेव्हा त्याची इलेक्ट्रॉनिक ऊर्जा कंपनात जिरते. आता त्याच्यातून इलेक्ट्रॉन काढायला आधीपेक्षा मोठा फोटॉन लागतो. ४००चा फोटॉन पुरेनासा झाला की सिग्नल मावळतो. पडद्यावर १०० फेम्टोसेकंदांत उतरणारी सुरेख रेषा दिसते आणि ‘अवस्थेचं आयुष्य १०० फेम्टोसेकंद’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. रेणू मेलेला नसतो, आपल्या फोटॉनच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो. कधी तर तो त्याच अवस्थेत असतो, फक्त आकार बदलून बसलेला. असे निष्कर्ष पुढे मोठ्या फोटॉनने तपासल्यावर दुरुस्त करावे लागतात. म्हणून प्रोब २०० नॅनोमीटरचा हवा, ६.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. त्याहून उत्तम म्हणजे आर्गॉनमध्ये उच्च हार्मोनिक काढायचे. ८००चा पंधरावा हार्मोनिक २३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर जातो, त्याला काहीच लपत नाही. उत्तेजित अवस्था, मधली अवस्था, मूळ अवस्थेत परतलेला गरम रेणू, तुटलेले तुकडे, सगळे एकाच आलेखात. तो प्रकाश मिळवताना मूळ ऊर्जेचा फार तर लाखावा हिस्सा हाती लागतो, म्हणून तिथे मिलिजूल मोजून नाही, ओंजळीने लागतात. आम्ही आता तिकडेच चाललोय. तुमचा बेत फक्त २६७ आणि ४००चा असेल तर अर्ध्याहून कमी ऊर्जेचं यंत्र घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला डिटेक्टर.

क्लस्टरवाल्यांनो, आता तुमच्याकडे वळते, आणि बातमी फारशी चांगली नाही.

वायू जास्त दाबाखालून बारीक छिद्रातून निर्वातात सोडला की तो थंड होतो आणि रेणू एकमेकांना चिकटून क्लस्टर बनतात. पण एकाच आकाराचे कधीच बनत नाहीत. दोनांचे, तीनांचे, दहांचे, सगळे एकाच झोतात. काही आकार जास्त टिकाऊ असतात. झेनॉनच्या क्लस्टरमध्ये १३, ५५ आणि १४७ अणूंचे आकार उठून दिसतात हे १९८१ सालापासून माहीत आहे. तरी झोत मिसळलेलाच. आयनांचं वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर ‘चारांचा अमोनिया क्लस्टर’ असा आयन दिसला म्हणून पल्स पडली तेव्हा तो चारांचाच होता असंही नाही. इलेक्ट्रॉन निघताच क्लस्टर तुटतात, पाचांचा किंवा सहांचा क्लस्टर चारांचा होऊन पोचतो. म्हणून प्रत्येक इलेक्ट्रॉन त्याच्या जोडीच्या आयनाबरोबर पकडायचा असतो. त्याने तुटण्याचा प्रश्न सुटत नाही, पण निदान कुठला इलेक्ट्रॉन कुठल्या आयनाचा एवढं पक्कं होतं. आणि इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेवरून मूळ क्लस्टर कुठला होता त्याचा माग लागतो.

जोडी विश्वासाने लावायची तर एका पल्सला एकाहून खूप कमी घटना व्हायला हव्यात, साधारण दहा पल्समागे एक. दोन रेणूंमधून एकाच वेळी इलेक्ट्रॉन निघाले तर कुठला कुणाचा हे कोण सांगणार? आता हिशेब करा. सेकंदाला १,००० पल्स, म्हणजे १०० घटना. तासाला ३ लाख ६० हजार. ऐकायला भरपूर वाटतात. दोन पल्समधली ६० वेगवेगळी अंतरं घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला ६,०००. त्यांतला तुम्हाला हवा असलेला आकार झोतात २ टक्के असेल तर उरले १२० इलेक्ट्रॉन. १२० ठिपक्यांवरून वेग आणि दिशेचं चित्र काढायला बसलात तर ते चित्र कमी आणि ज्योतिष जास्त. मग रात्रभर, आठवडाभर चालवा. यंत्र चालेल, वर म्हटलंच, पण झोताचा व्हॉल्व्ह, डिटेक्टरच्या प्लेटा आणि माणसं तेवढी चालत नाहीत.

इथे इटर्बियमचे लेझर सरळ बाजी मारतात. १,०३० नॅनोमीटर, थेट डायोडवर चालणारे, सेकंदाला १ लाख पल्स आरामात. वरचे १२० इलेक्ट्रॉन तेवढ्याच तासात १२,००० होतात. त्यांची मूळ पल्स २००-३०० फेम्टोसेकंदांची, म्हणून बाहेर आवळून घ्यावी लागते, ती वेगळी उठाठेव. पल्समागे ऊर्जा कमी, पण आधी सांगितलं तसं मायक्रोजूलवर भागतं. चौथा हार्मोनिक २५७ नॅनोमीटर, ४.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, बऱ्याच रेणूंना सोयीचा. धडधडणाऱ्या व्हॉल्व्हऐवजी अखंड झोत लागतो आणि त्यासाठी निर्वात पंप मोठे लागतात, हे विसरू नका. हीलियमच्या थेंबात रेणू ठेवून ०.४ केल्व्हिनला काम करणाऱ्यांचा झोत बहुतेक वेळा अखंडच असतो, त्यांनी तर दुसरा विचारच करू नये.

आता सेवेबद्दल आणि त्या बंद पेटीबद्दल. झाकण उघडलं की हमी संपते. बीमच्या वाटेत हात घालायची खोड असलेल्या माझ्यासारखीला हे जड गेलं, तरी मी ते मान्य करते. धूळ आणि हाताचे ठसे यांनी जितके आरसे मारले तितके लेझरनेही मारले नसतील. माझा आक्षेप वेगळा आहे. पेटी काय करतेय ते ती सांगत नाही. पडद्यावर हिरवा दिवा असतो. आत एक स्वयंचलित यंत्रणा बाहेर पडणारी ऊर्जा कायम ठेवते, म्हणजे काही बिघडायला लागलं की पंप लेझरच्या डायोडचा विद्युतप्रवाह गुपचूप वाढवते. आमच्या चिलरची गाळणी हळूहळू तुंबत होती, स्फटिक जरा जरा गरम होत होता, आणि दिवा हिरवाच. प्रवाह मर्यादेला टेकला तेव्हा दिवा एकदम लाल झाला, ऐन मोजमापात. प्रवाहाचा जुना आलेख कंपनीच्या अभियंत्याला दिसतो, आम्हाला दिसत नाही. का? याला धड उत्तर मिळालं नाही. हट्ट धरल्यावर एक साधा मजकुराचा लॉग चालू करून दिला. तोही करारातच मागून घ्या.

अभियंता दुरून संगणकात शिरून दुरुस्ती करतो, हे मात्र उत्तम आहे. ॲम्प्लिफायरमधल्या वेळा जुळवायचं काम त्याने बसल्या जागी तासाभरात केलं. जुन्या दिवसांत याला आठवडा आणि एक विमानप्रवास लागला असता. फक्त तुमच्या संस्थेचा संगणक विभाग बाहेरच्या माणसाला आत येऊ देतो का ते खरेदीआधी विचारा. आमच्याकडे लेझर आधी बसला आणि परवानगी नंतर आली.

प्रात्यक्षिक पाहायला जाल तेव्हा ८०० नॅनोमीटरचा आलेख दाखवतील, तो सुरेखच असतो. तुमच्या जाडीचे स्फटिक सोबत न्या आणि २६७ची ऊर्जा सलग आठ तास नोंदवून मागा, पल्सगणिक, सरासरी काढून नाही. सरासरीत सातवा घात दिसत नाही. चिलरचं पाणी किती अंशांनी हलतं तेही त्याच आलेखावर घालायला सांगा. दोन्ही रेषा एकत्र वळताना दिसल्या तर प्रश्न विचारायची जागा सापडली.

आमच्याकडे पुढची खरेदी इटर्बियमची आहे, क्लस्टरच्या चेंबरसाठी. ही पेटी शेजारच्या टेबलावर राहील, उच्च हार्मोनिक काढायला, आणि तिचे पाच मिलिजूल त्यात सगळे वापरले जातील.